तिसरा पिस्टन का फुटला : फेरफार केलेल्या एका टर्बो इंजिनाचा प्रकरण अभ्यास

हे इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे टर्बो इंजिन होते. कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते) ९.६:१, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८२.५ मिलिमीटर आणि कंपनीने ठरवलेला कमाल बूस्ट, म्हणजे टर्बोने वातावरणाच्या दाबावर चढवलेला जादा दाब, ०.८ बार. ५८,००० किलोमीटरपर्यंत गाडीने एकदाही त्रास दिला नव्हता. त्यानंतरच्या चार महिन्यांत मालकाने तिच्यात तीन बदल करून घेतले. आधी मोठ्या व्यासाचा इनटेक पाइप आणि खुला फिल्टर बसवला, मग टर्बोच्या मागे मोकळा डाउनपाइप (धूर बाहेर नेणारी नळी) लावला आणि शेवटी ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, एक तयार रिमॅप फाइल (बूस्ट, पेट्रोल आणि ठिणगीचे बदललेले तक्ते) भरली. फाइल भरल्यानंतर २,४०० किलोमीटर झाले असताना, एका लांब चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, गाडीची ओढ एकाएकी गेली, मागून निळा धूर निघाला आणि इंजिन बंद करेपर्यंत मिस मारत राहिले.

इंजिन माझ्याकडे कामाला आले तेव्हा मालकाचा प्रश्न रास्त होता. तिन्ही बदल हजारो गाड्यांवर केले जातात आणि त्या गाड्या चालतात. मग याच इंजिनाने काय पाप केले? याचे उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे आहे की कंपनीने इंजिनात जी ताकद राखून ठेवलेली असते ती एकच शिल्लक असते, आणि इथे तीच शिल्लक प्रत्येक बदलाने आपल्या एकट्यासाठी आहे असे धरून खर्च केली होती. ती कशी आणि कुठे खर्च झाली, हे या प्रकरणात जवळजवळ सेकंदागणिक दाखवता येते, कारण मालकाने चालत्या गाडीच्या ईसीयूमधील आकड्यांच्या नोंदी मोबाइलवर घेऊन ठेवल्या होत्या.

हेड उघडण्यापूर्वी

प्रथम कॉम्प्रेशन मोजले. पहिल्या सिलिंडरमध्ये १२.१, दुसऱ्यात १२.०, तिसऱ्यात ६.८ आणि चौथ्यात ११.९ बार भरले. तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजले तेव्हा दाब ९ बारच्या वर गेला, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नसून रिंगांच्या बाजूने होती. लीक-डाउन चाचणीत, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती निसटते ते पाहताना, उरलेली तिन्ही सिलिंडर ८ टक्क्यांच्या आत होती. तिसऱ्यातून मात्र ३८ टक्के हवा निसटत होती आणि इंजिन ऑइल भरण्याच्या तोंडाशी कान नेला की तिचा फुसफुसाट स्पष्ट ऐकू येत होता.

खरी गोष्ट प्लगने सांगितली. तिसऱ्या प्लगच्या टोकाजवळच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते, आणि भिंग धरले की त्या ठिपक्यांमध्ये सुईच्या टोकाहून लहान असे चकाकणारे गोळे दिसत होते. ते ॲल्युमिनियम होते, पिस्टनच्या माथ्यावरून सुटून प्लगवर येऊन गोठलेले. असे गोळे एका दिवसात जमत नाहीत. मधल्या २,४०० किलोमीटरमध्ये कुणी एकदा जरी प्लग काढून पाहिले असते, तरी इंजिन उघडायची वेळ आली नसती असे माझे ठाम मत आहे.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, काढल्यावर दिसले की पिस्टनचा माथा वितळलेला नव्हता. त्याच्या काठावर, एक्झॉस्टच्या बाजूला, वाळूचा मारा केल्यासारखा खरबरीत पट्टा होता, आणि पहिल्या व दुसऱ्या रिंगच्या मधली कड अंगठ्याच्या नखाएवढी तुटून गेली होती. हा भेद महत्त्वाचा आहे. माथ्याला भोक पडलेले किंवा मधोमध वितळलेला पिस्टन दिसला, तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणे, चुकीचा प्लग किंवा अडकलेला इंजेक्टर यांचा संशय आधी घ्यावा लागतो. काठावर टोचे आणि तुटलेली रिंगमधली कड ही मात्र नॉकिंगची सही असते. ठिणगीने सुरू झालेली ज्योत शेवटच्या कोपऱ्यातील मिश्रणापर्यंत पोहोचण्याआधीच ते मिश्रण उष्णता आणि दाबाने आपोआप पेटते, दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये मागेपुढे आदळू लागतात, आणि पिस्टनच्या अंगावर असलेला तुलनेने थंड वायूचा पातळ थर त्यांनी खरवडला जातो. एवढ्या बोअरला या लाटांचा सूर साधारण ७ किलोहर्ट्झवर लागतो. नॉक सेन्सर ब्लॉकवर बसून त्याच सुराची वाट पाहत असतो.

नोंदींमध्ये काय लिहिले होते

मालकाकडे अशा अकरा नोंदी होत्या. त्यांत त्याने दोनच रकाने पाहिले होते, एक बूस्ट आणि दुसरा वेग. बाकीचे रकाने मी त्याच्याबरोबर बसून एकेक करून वाचले.

पहिली गोष्ट इनटेक पाइपची. या इंजिनाला आत जाणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे. तो पाइपच्या मध्यभागातून जाणाऱ्या प्रवाहाची गती जाणतो, आणि पाइपचा व्यास ठाऊक असल्याचे गृहीत धरून एकूण हवा किती ते ईसीयू काढतो. मूळ नळीचा आतला व्यास ७० मिलिमीटर होता, नव्या पाइपचा ७६. सहाच मिलिमीटरांचा फरक, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून वाट सुमारे १८ टक्क्यांनी रुंद झाली. तेवढीच हवा रुंद वाटेने सावकाश जाऊ लागली आणि सेन्सर ती सुमारे १५ टक्के कमी मोजू लागला. रोजच्या संथ चालवण्यात याचा पत्ताच लागला नाही, कारण ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झाल्याचे सांगत राहिला आणि ईसीयू पेट्रोल वाढवत राहिला. नोंदीत दीर्घकालीन दुरुस्ती, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये कायमची धरलेली वाढ किंवा घट, अधिक १३ टक्क्यांवर स्थिर दिसते. एरवी ठाकठीक इंजिनात हा आकडा अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत असतो. गाडी कुरकुर न करता चालत होती आणि म्हणून सगळे ठीक आहे असा समज झाला.

पूर्ण भारावर पेट्रोल कमी पडणे हे त्यातले अर्धेच नुकसान होते. ठिणगी किती आधी टाकायची हे ईसीयू इंजिनाच्या फेऱ्या आणि त्यावरील भार पाहून ठरवतो, आणि भार म्हणजे त्याच्या दृष्टीने मोजलेली हवा. हवा कमी मोजली गेली की भार कमी आहे असे त्याला वाटते आणि तो तक्त्यातील हलक्या भाराच्या ओळीतून ठिणगीचा कोन उचलतो, जो नेहमी अधिक आगाऊ असतो. म्हणजे सर्वांत जास्त हवा भरलेल्या क्षणी इंजिनाला मिळाले ते कमी पेट्रोल आणि वेळेआधीची ठिणगी. त्यात भरलेली रिमॅप फाइल ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेली होती आणि टाकीत बहुतेक वेळा ९५ भरले जात होते. इनटेक पाइपला लोक केवळ आवाजाची हौस समजतात. मला या प्रकरणात तोच मूळ दोष वाटतो.

याच्या पुढची साखळी मला स्वतःला नोंद पाहीपर्यंत लक्षात आली नव्हती. फाइलने बूस्ट १.३ बार मागितला होता. पण या ईसीयूची मागणी मुळात दाबाची नसते, ठरावीक हवेची असते. हवा कमी येते आहे असे दिसल्यावर तो वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वगळून धूर सोडणारी झडप, आणखी मिटत गेला, आणि डाउनपाइप मोकळा असल्यामुळे टर्बोनेही ती मागणी आनंदाने पुरवली. आलेखावर बूस्टची रेषा २,६०० फेऱ्यांपासून पुढे एकदम सपाट दिसत होती. मालकाला ती रेषा स्थिर बूस्टचा पुरावा वाटली होती. प्रत्यक्षात मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतील) दाबाच्या सेन्सरची मर्यादाच निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा एक बार धरून, २.५ बारची होती. त्याच्या वर दाब कितीही गेला तरी तो २.५ च सांगणार. म्हणजे बूस्ट दीड बार तरी होता, आणि त्यापुढे किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते. जिवंत इंजिनात दाब थोडा वरखाली हलतच असतो. पट्टीने आखल्यासारखी रेषा दिसली की सेन्सर संपला असे समजावे.

या दाबाचा उष्णतेतला अर्थ काढून पाहण्यासारखा आहे. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअसची आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ०.८ बार बूस्टला टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे ११० अंशांची होते. दीड बारला ती सुमारे १६० अंशांवर जाते. तोच लहान टर्बो त्याच्या सोयीच्या पट्ट्याबाहेर फिरवला आणि कार्यक्षमता ६२ टक्क्यांवर घसरली, तर १७५ अंशही ओलांडते. टर्बोतून आलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र मूळचाच होता, ०.८ बारच्या हिशोबाने बनवलेला. नोंदीत इंटरकूलरच्या पुढचे तापमान एका चढावर चौदा सेकंदांत ४४ वरून ७८ अंशांवर गेलेले आहे आणि पुढच्या चढाआधी ते ६० च्या खाली आलेलेच नाही. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मोठा पंखा लावून घेतलेल्या एका फेरीत हे कधीच दिसत नाही. रस्त्यावर लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ते दिसते.

पेट्रोलच्या बाजूने हिशोब आणखी सरळ आहे. निरपेक्ष दाब १.८ वरून २.५ बारवर गेला म्हणजे, तापमानाचा परिणाम सोडला तर, हवा सुमारे ३९ टक्के वाढली आणि पेट्रोलही तेवढेच वाढायला हवे होते. मूळ पंपाकडे तेवढी ऐपत नव्हती. इंजेक्टरच्या रेलमध्ये १५० बारची मागणी असताना दाब ४,५०० फेऱ्यांच्या पुढे ११५ पर्यंत खाली आला आहे, आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचे प्रमाण; आकडा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८२ मागितला असताना ०.८९ मिळाला आहे. रोजच्या भाषेत सांगायचे तर बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल हवे होते तिथे तेराला एक मिळत होते. पूर्ण भारावर हे जास्तीचे पेट्रोल इंजिनाला आतून थंड ठेवते, तिथे काटकसर चालत नाही.

मग तिसराच सिलिंडर का? मधली सिलिंडर दोन्ही बाजूंनी तापलेली असतात, हे एक कारण. इंजेक्टर चाचणीला लावले तेव्हा तिसऱ्याचा इंजेक्टर इतरांहून ७ टक्के कमी पेट्रोल देतो असे निघाले, हे दुसरे. लॅम्डा सेन्सर चौघांच्या एकत्रित धुरातून सरासरी सांगतो. सरासरी ०.८९ असताना तिसरा त्याहूनही कोरडा जळत होता, पण त्याची तक्रार बाकीच्या तिघांच्या आवाजात बुडाली होती. ती नॉक सेन्सरने मात्र नोंदवली होती. फाइल भरल्यानंतरच्या पहिल्याच नोंदीत नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयूने तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी ४ अंश मागे घेतलेली, म्हणजे उशिरा टाकलेली, दिसते, इतरांची दीड ते दोन. शेवटच्या नोंदीत तिसऱ्याचा आकडा ८ अंशांवर पोहोचला आहे. म्हणजे इंजिन पहिल्या दिवसापासून, दर चढावर, एकाच सिलिंडरचे नाव घेऊन सांगत होते.

काढून टाकलेले संरक्षण

ईसीयूमध्ये बूस्ट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की इंजिनाची ताकद तोडण्याची सोय असते. भरलेल्या फाइलमध्ये ही मर्यादा इतकी वर नेलेली होती की अडीच बारचा सेन्सर तिथपर्यंत कधी पोहोचूच शकत नव्हता, म्हणजे ती असून नसल्यासारखी होती. मर्यादा का उठवली याचे कारणही समजण्यासारखे आहे: ताकद तुटली की गाडी झटका देते, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते.

टर्बो पेट्रोल गाड्यांचा इतिहासच या संरक्षणापासून सुरू होतो. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकी गाडीत १०.२५:१ इतक्या चढ्या कॉम्प्रेशनवर टर्बो बसवला होता, आणि नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून आत फवारले जाई. ती टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट आपोआप कमी करी. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी मंद झाली म्हणून तक्रार करीत, पण ते मंद होणे म्हणजेच इंजिन वाचणे होते. साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी जी गोष्ट यांत्रिक झडपेने केली, ती आज सॉफ्टवेअरच्या एका आकड्यात असते आणि तितक्याच सहजपणे पुसली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुन्हा उभारणी

ऑइल फिल्टर कापून उघडला तेव्हा कागदाच्या घड्यांमध्ये ॲल्युमिनियमची चमक होती, म्हणून बेअरिंगे बदलली आणि ऑइल कूलरही नवा घातला, कारण त्याच्या जाळीतील कण धुऊन पूर्ण निघाल्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. टर्बोचे टर्बाइन दुर्बिणीने तपासले; तुटलेल्या कडेचा कण लागून पात्यांना इजा झालेली नव्हती. चारही पिस्टन फोर्ज्ड (ओतीव नव्हे, घडीव) घातले, पण रोज वापरायच्या गाडीसाठी २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूपेक्षा ४०३२ निवडला, कारण तो तापल्यावर कमी फुगतो आणि सिलिंडरशी कमी अंतर ठेवून बसवता येतो. वरच्या रिंगच्या टोकांमधील फट ०.३८ मिलिमीटर ठेवली. जास्त उष्णतेत रिंग लांबते, आणि तिची दोन टोके एकमेकांना टेकली तर नॉकिंग नसतानाही हीच कड तुटते.

यानंतर जे केले त्यात क्रम हीच मुख्य गोष्ट होती. हवा मोजणारा सेन्सर परत ७० मिलिमीटरच्या मूळ नळीत बसवला आणि बूस्टला हात लावण्याआधी दीर्घकालीन दुरुस्ती दोन टक्क्यांवर आल्याची खात्री केली. मग मोठा इंटरकूलर, जास्त क्षमतेचा पंप, एकमेकांशी जुळवून घेतलेले चार इंजेक्टर आणि निरपेक्ष ३.५ बारपर्यंत मोजणारा दाबाचा सेन्सर बसवला. प्लग एक पायरी थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारे, घेतले आणि त्यांची फट ०.७ मिलिमीटर केली. प्लग निवडताना इथे एक फसगत होते: एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशच्या प्लगवर त्याच्या उलट. एका कंपनीचा नियम दुसरीला लावला तर थंड समजून गरम प्लग बसतो आणि मग पिस्टनला भोकच पडते.

रिमॅप तयार फाइलने न करता त्याच गाडीवर, मालक रोज वापरतो त्या ९५ ऑक्टेनवर, ०.१ बारच्या पायऱ्यांनी केला. प्रत्येक पायरीवर लागोपाठ तीन फेऱ्या घेतल्या आणि तिसरी नोंद खरी मानली. कुठल्याही एका सिलिंडरची ठिणगी तीन अंशांहून जास्त आणि पुन्हा पुन्हा मागे जाऊ लागली, किंवा मागितलेल्या व मिळालेल्या लॅम्डात ०.०३ हून अधिक फरक पडला, की तिथे थांबायचे असे आधीच ठरवले होते. १.२ बारवर तिसऱ्या फेरीत दुसरा सिलिंडर साडेतीन अंश मागे गेला, म्हणून गाडी १.१ बारवर ठेवली. आत येणाऱ्या हवेचे तापमान ६० अंशांच्या वर गेले की बूस्ट आणि ठिणगी दोन्ही हळूहळू कमी होतील, आणि १.३ बारला ताकद तुटेल, असे तक्ते भरले.

२,५०० फेऱ्यांच्या खाली टॉर्क मुद्दाम मूळच्या जवळपास ठेवला, आणि यावर मालकाशी बरीच चर्चा झाली, कारण चालवणाऱ्याला ओढ तिथेच हवी असते. कमी फेऱ्यांवर पिस्टन सावकाश खाली जातो, दाब जास्त वेळ साचून राहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका तिथे सर्वांत मोठा असतो. शिवाय थेट फवारणीच्या इंजिनांमध्ये याच पट्ट्यात, ठिणगी पडण्याच्या आधीच तेल आणि पेट्रोलचा एखादा थेंब पेट घेतो. याला ठिणगी मागे घेऊन आवर घालता येत नाही, आणि एकाच ठोक्यात पिस्टन जाऊ शकतो. तेलातील कॅल्शियमयुक्त घटकांचा याच्याशी संबंध असल्याचे दिसल्यावर २०१८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे (एपीआय) एसएन प्लस आणि २०२० मध्ये एपीआय एसपी हे तेलाचे दर्जे आले. या गाडीत पूर्वी जुन्या दर्जाचे तेल होते आणि सहाव्या गिअरमध्ये १,६०० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची मालकाला सवय होती. तेल एसपी दर्जाचे केले. सवय त्याने स्वतः बदलली. आता तो आधी गिअर खाली टाकतो.

फेरफारानंतरच्या गाडीचे वेळापत्रक मूळ पुस्तिकेतील राहत नाही, म्हणून तेल बदलण्याचे अंतर निम्मे केले आणि दर ५,००० किलोमीटरला चारही प्लग काढून भिंगाखाली पाहायचे ठरले. १८,००० किलोमीटरनंतर गाडी तपासणीला आली तेव्हा लीक-डाउन चारही सिलिंडरमध्ये ५ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान होते. तिसऱ्या प्लगची चिनी माती फिकट तपकिरी होती आणि तिच्यावर एकही ठिपका नव्हता. मालकाने सोबत आणलेल्या नोंदींमध्ये बूस्टच्या रकान्यापुढे काही लिहिले नव्हते. त्याने पेन्सिलने खुणा केल्या होत्या त्या चारही सिलिंडरच्या ठिणगीच्या रकान्यांवर.